वाकणे आणि वाकवणे

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ तिबेटी लोकांची एक वसाहत आहे. तिचे नाव नोर्ग्येलिंग. १९७२ साली ती वसली तेव्हा हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. म्हणजे ही माणसे आपल्या शेजारी राहू लागली त्याला अर्धशतक उलटून गेले. एवढ्या काळात आपण त्यांच्याविषयी काय जाणून घेतले, असा प्रश्न मी वर्गातल्या चार-सहा जणांना विचारून पाहिला. उत्तरे अशी आली : ते हिवाळ्यात स्वेटर विकतात. मोमो छान करतात. उन्हाळा त्यांना सोसत नाही. आणि पाहुणा आला की त्याच्या गळ्यात पांढरा पट्टा टाकतात. एकीने पट्ट्याऐवजी 'त्यांची शाल' असा शब्द वापरला.

हा लेख त्या पट्ट्याविषयी आहे. तो पट्टा नव्हे आणि शालही नव्हे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. कोणालाही मान द्यायचा तर थोडेफार वाकावे लागते. आता आमच्यासारख्या घरांतून आलेल्या मुलामुलींना वाकण्याचा फार संशय येतो, आणि तो यावा यात नवल नाही. माझे पणजोबा मालगुजाराच्या वाड्यासमोरून जाताना वहाणा हातात घेत, असे आजी सांगते. मालगुजारी गेली, पण अंगातली सवय कायद्याने जात नाही. आजही एखाद्या कचेरीत साहेबाच्या टेबलासमोर उभे राहिले की बाबांची मान आपोआप खाली जाते. त्यामुळे कुठलाही सत्कार समारंभ पाहिला की मी प्रथम एवढेच बघते की कोण वाकले आणि कोण ताठ राहिले. तिबेटी लोकांच्या या वस्त्राकडेही मी त्याच नजरेने बघू लागले. मला असे वाटू लागले आहे की वाकणे आणि वाकवणे या दोहोंतला फरक त्या वस्त्राच्या व्यवहारात जितका उघड दिसतो, तितका आपल्या शाल-श्रीफळात दिसत नाही.

तिबेटी माणूस बोलताना त्याला 'खाता' म्हणतो. पण आपल्याकडे 'खाता' म्हटले की बँकेचे पासबुक डोळ्यांपुढे येते. म्हणून लेखी रूपाला जवळचा असा 'खताग' हा शब्द मी येथे वापरणार आहे. नेपाळ-सिक्कीमकडे 'खादा' म्हणतात, मंगोलियात 'खदग'. तिबेटात तो बहुधा पांढरा असतो. मंगोलियात निळ्याला मान, कारण तिकडे निळे आभाळ पूज्य. लांबट, अरुंद, पातळ कापड, आणि बहुधा दोन्ही टोकांना दशा. पूर्वी चांगला खताग रेशमाचा असे आणि ते रेशीम चीनमधून येई. उंची खतागाच्या विणीतच अष्टमंगल चिन्हे असत : छत्र, दोन मासे, कलश, कमळ, शंख, न संपणारी गाठ, विजयध्वज आणि चक्र. ही चिन्हे मुळात आपल्याच देशातून तिकडे गेलेली, हे सांगायला हरकत नाही. मात्र त्याचा फार गर्व करण्याचे कारण नाही, कारण ती जपली त्यांनी.

या कापडाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही की, ते कशाच्याच उपयोगाचे नाही. त्याने थंडी भागत नाही, डोके झाकत नाही, अंग पुसता येत नाही. आपला टॉवेल निदान आंघोळीला चालतो, शाल म्हाताऱ्या माणसाला पांघरता येते, नारळाची चटणी होते. खताग फक्त द्यायचा असतो. दुसऱ्याला देणे हाच त्याचा सारा उपयोग.

आणि द्यायचे प्रसंग किती म्हणावेत ! पाहुणा आला, खताग. पाहुणा निघाला, खताग. लग्नात नवरानवरीच्या गळ्यात येणारा प्रत्येक जण एकेक घालीत जातो, तो शेवटी दोघांची हनुवटी दिसेनाशी होते. मूल जन्मले, मुलगा परीक्षा पास झाला, कोणी नवे घर बांधले, कोणी मोटार घेतली (मग तो मोटारीच्या आरशाला बांधतात), कोणी दूरच्या प्रवासाला निघाले, तर खताग हवाच. माणूस मेला तर त्याच्या देहावरही तोच पांढरा खताग. बुद्धमूर्तीला, गुरूच्या तसबिरीला, देवाला तोच. डोंगरातल्या खिंडीत वाटसरू पोचला की 'ल्हा ग्यालो' म्हणजे 'देवांचा जय होवो' अशी आरोळी देतो, आणि तेथे पताकांच्या दोरीला एक खताग बांधून पुढे उतरतो. जुन्या काळी पत्रदेखील नुसते पाठवणे रीतीला धरून नसे. पत्रासोबत खताग जाई. पत्र पाठवणारा शेकडो मैल दूर, तरी कापड हातात पडले की त्याने समोर येऊन मान लववली असे धरले जाई. तिबेटी लोकांचा 'छुबा' नावाचा जो घोळदार अंगरखा असतो, त्याला कमरपट्टा बांधला की छातीपाशी एक मोठी खोळ तयार होते. प्याला, सातूच्या पिठाची पिशवी, जपमाळ अशा सामानात तेथे एखादा घडी केलेला खताग ठेवलेला असे. न जाणो, वाटेत कोण भेटेल !

आपल्याकडे लग्नाला पांढरे आणि मरणाला पांढरे एकच कापड चालेल का ? नाही चालणार. त्यांच्याकडे चालते. जन्मणारा, जाणारा, आलेला, निघालेला, सारे वाटसरूच, असा काही विचार त्यामागे असावा असे मला वाटते. पण हा माझा तर्क झाला.

आता देण्याची रीत. खताग लांबीत दुमडून, दोन्ही तळहात वर करून त्यावर आडवा धरायचा, आणि कंबरेतून किंचित वाकून पुढे करायचा. घडीची बंद कड आपल्याकडे आणि उघडी कड समोरच्याकडे ठेवतात. बरोबरीचा माणूस असेल तर तोही दोन्ही हात पुढे करतो, तोही वाकतो, आणि कापड एका ओंजळीतून दुसऱ्या ओंजळीत जाते. समोरची व्यक्ती फार मोठी असेल, लामा असेल, तर तिच्या गळ्यात खताग घालायचा नसतो. आपले बहुतेक लोक नेमके येथे गोंधळतात. त्यांना गळा दिसला की हार दिसतो. मोठ्या माणसापुढे खताग ओंजळीवर धरून नुसता सादर करायचा, किंवा त्याच्या समोरच्या मेजावर ठेवायचा. गळ्यात घालण्याचा अधिकार मोठ्याचा : तो लहानाच्या गळ्यात घालतो.

म्हणजे यातही उच्चनीच आहेच. हे मी लपवणार नाही. हल्ली तिबेटविषयी लिहिताना जो तो त्याचा स्वर्ग करून टाकतो; मला ते पटत नाही. जुना तिबेट हा सरदार, मठ आणि त्यांच्या जमिनीला बांधलेली कुळे यांचा देश होता. बंगालचे शरच्चंद्र दास १८८१-८२ साली वेष पालटून ल्हासापर्यंत जाऊन आले. इंग्रज अधिकारी चार्ल्स बेल १९२०-२१ साली ल्हासात राहिला आणि १९२८ साली त्याने तिबेटी लोकांवर पुस्तक काढले. या दोघांच्याही लिखाणात खताग वारंवार येतो, आणि त्याबरोबर दर्जाही येतो. कापडाच्या प्रती ठरलेल्या, कोणाला कोणत्या प्रतीचा द्यायचा ते ठरलेले, हातात द्यायचा की पायाशी ठेवायचा हेही ठरलेले. अधिकाऱ्याकडे काम घेऊन जायचे तर रिकाम्या हाताने जायची सोय नव्हती; खताग हवा, आणि पुष्कळदा त्याच्यासोबत आणखीही काही हवे. हे वाचले तेव्हा मला वहाणा हातात घेतलेले पणजोबाच आठवले. ज्या कुळाने अधिकाऱ्याच्या पायाशी खताग ठेवला, त्याचे ते वाकणे नव्हते. त्याला वाकवलेले होते. कापड पांढरे असले म्हणून काही ती गोष्ट बदलत नाही.

मग या चालीत कौतुक करण्यासारखे उरले काय ? माझ्या मते एक गोष्ट उरली, आणि ती मोठी आहे. ती म्हणजे परत देणे.

धर्मगुरूपुढे गेलेला साधा माणूस खताग सादर करतो. गुरू तो घेतो, आणि तोच खताग त्या माणसाच्या गळ्यात घालतो. दर्शनाला शेकडो माणसांची रांग असली तरी एकामागून एक हेच चालते. जो द्यायला आला होता तो घेऊन जातो. आता पहा, या दोन क्षणांत काय झाले ? आधी लहान वाकला, मान दिला. मग मोठ्याने त्याच कापडाने लहानाचा गळा झाकला, आणि ते करताना बहुधा तोही पुढे झुकलेला असतो, कारण झुकल्याशिवाय दुसऱ्याच्या गळ्यात काही घालताच येत नाही. कापड एकच, मान दोघांचा. परत आलेला खताग मग घरी जाऊन देव्हाऱ्यात राहतो किंवा तसबिरीवर चढतो. साध्या भेटीगाठींत मिळालेले खताग तर घडी करून ठेवतात आणि पुढच्या प्रसंगी दुसऱ्याला देतात. त्यात कोणी लपवाछपवी करीत नाही. ते फिरावे अशीच रीत आहे.

येथे आपल्या टॉवेल-टोपीची आठवण होणे साहजिक आहे. आमच्या भागात लग्न असो, तेरवी असो, आहेर म्हणून टॉवेल-टोपी होतेच. तीही फिरते. याच्या लग्नातली त्याच्या लग्नात, त्याच्या लग्नातली तिसऱ्याच्या घरी, असे करता करता एखादी टोपी बिचारी डोक्यावर न बसताच म्हातारी होते. पण आपल्याला त्याची लाज वाटते. जुना आहेर पुढे केला हे कळू नये म्हणून आपण वरचा कागद बदलतो. आणि माईकवरून मानकऱ्यांची नावे कोणत्या क्रमाने पुकारली यावरून दोन भावक्यांचे बोलणे बंद झालेले मी पाहिले आहे. म्हणजे वस्तू फिरते, पण मान मात्र ज्याचा त्याने गच्च धरून ठेवलेला असतो.

आणि शाल-श्रीफळ ? त्यासंबंधी मला थोडे अधिकाराने बोलता येईल, कारण तबक धरून मंचाच्या कडेला उभी राहणारी मुलगी मी दोनदा झाले आहे. एका समारंभात आम्हा पाच मुलींना नऊवारी नेसवून दीड तास उभे केले होते. पहिली मुलगी शालीचे तबक धरी, दुसरी नारळाचे, तिसरी पुष्पगुच्छाचे. निवेदक पुकारी, अध्यक्ष तबकातली शाल उचलीत, पाहुण्यांच्या खांद्यावर टाकीत, दोघे छायाचित्रकाराकडे पाहून हसत. एकही जण दुसऱ्याकडे पाहत नव्हता ! शाल कोणी विणली, कोणी आणली, कोणाच्या पैशाने आली, हा प्रश्न नाही. तबक कोणी धरले हाही प्रश्न नाही. मंचावरच्याने मंचावरच्याला दिले आणि मंचावरच ते संपले. खाली बसलेल्या चारशे माणसांचे काम फक्त टाळ्या वाजवण्याचे. त्या दिवशी ज्या शिपाईकाकांनी पहाटेपासून खुर्च्या मांडल्या होत्या, ते पडद्यामागे उभे राहून हे पाहत होते. त्यांच्याकडे शालीची एक जादा घडी होती, कोणी ऐनवेळी आले तर असावी म्हणून. ती तशीच कपाटात परत गेली.

त्यानंतर वर्षभराने मला माझा पहिला खताग मिळाला, तो प्रसंग येथे सांगण्यासारखा आहे. बाबा वसाहतीतल्या एका घरची धानाची बांधी ठेक्याने करतात. त्या घरी एक वृद्ध आजी आहेत. वसाहत वसली तेव्हा तरुणपणी इथे आलेल्यांपैकी. मला कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा बाबा हिशेबासाठी त्यांच्याकडे निघाले होते, मीही सोबत गेले. बाबा पायरीखालीच उभे राहिले. ते कोणाच्याही घरी पायरीखालीच उभे राहतात. आजींनी ओरडून त्यांना आत बोलावले, "भाऊ, वर ये, चाय आहे." मिठाचा, लोण्याचा चहा. बाबांना तो मुळीच आवडला नाही, आणि त्या घरची रीत अशी की पेला अर्धा झाला की पुन्हा भरायचा. बाबांनी तीन वेळा तो आदर सहन केला. मग मी कॉलेजात जाणार हे कळल्यावर आजी आत गेल्या आणि एक खताग आणून माझ्या गळ्यात घातला. "शिकायला जाते ना, लांब जाते, म्हणून," एवढेच म्हणाल्या. मग पुन्हा आत गेल्या आणि दुसरा आणला. तो मात्र त्यांनी बाबांच्या गळ्यात घातला नाही. दोन्ही हातांवर धरला, वाकल्या, आणि बाबांच्या हातांत दिला. सत्तरी ओलांडलेली बाई, शेतमालक, आणि समोर ठेक्याने शेती करणारा माणूस. बाबांना काय करावे ते कळेना. त्यांना वाटले भारी वस्तू असेल, ते ती परत देऊ लागले. आजी हसल्या आणि म्हणाल्या, "मुलीला शिकवतो ना तू." बाबांचे वय तेव्हा पंचेचाळीसच्या पुढे होते. त्यांच्या आयुष्यात कोणी त्यांच्यापुढे वाकण्याचा तो पहिला प्रसंग.

हे सांगताना मी भावनेच्या भरात वाहून चालले आहे असे कोणी म्हणेल. म्हणोत. माझा मुद्दा असा की आजींनी बाबांना बरोबरीची रीत लावली. कोणाला गळ्यात घालायचा आणि कोणाच्या हातात द्यायचा हे जुन्या तिबेटात दर्जावरून ठरत असे. येथे, धानाच्या बांध्यांच्या मुलखात, ते त्यांनी स्वतः ठरवले. चाल तीच राहिली. वापरणाऱ्याने तिला वळण दिले.

याला कारणही आहे. १९५९ साली दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून सुमारे ८० हजार लोक आले. सरदार आले, भिक्षू आले, मेंढपाळही आले. पण हिमालयातल्या रस्त्यांच्या कामावर खडी फोडताना सरदार कोण आणि कूळ कोण ? पुढे निरनिराळ्या राज्यांनी जमिनी दिल्या. कर्नाटकात बायलाकुप्पे, आजच्या छत्तीसगडात मैनपाट, आणि आपल्याकडे नोर्ग्येलिंग. बर्फाच्या देशातली माणसे पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात धान लावायला शिकली. शेतीवर भागेना म्हणून हिवाळ्यात लुधियानाचे स्वेटर उधारीवर उचलून गावोगाव विकू लागली. अशा स्थितीत रेशमी खताग कोठून आणायचा ? मग आला स्वस्त, यंत्रावर विणलेला कृत्रिम धाग्याचा खताग. तो कोणालाही परवडतो. जुन्या प्रतवारीचे महत्त्व त्यामुळे पुष्कळच कमी झाले, आणि हे मला तरी चांगलेच झाले असे वाटते. ज्या मानाच्या वस्तूची किंमत गरिबाच्या खिशाला झेपते, तीच त्याला दुसऱ्यालाही देता येते. शाल गरिबाला मिळू शकेल एखाद्या वेळी, पण ती त्याने कोणाला द्यावी हे त्याच्या आवाक्यात नाही.

कृत्रिम धाग्याचा एक तोटाही आहे. रेशीम आणि सूत कुजते. हे कापड कुजत नाही. खिंडीत, पुलांवर, झाडांवर बांधलेले असे हजारो खताग वाऱ्यापावसात चिंध्या होऊन लोंबत राहतात, ओढ्यात जातात. ज्यांना डोंगर पूज्य त्यांनीच डोंगरावर हा कचरा करावा हे बरे नाही, आणि ते तिबेटी मित्रांनाही स्पष्ट सांगायला हवे. सुती खताग काढावेत, थोडे द्यावेत, पण कुजणारे द्यावेत.

दुसरी गोष्ट छायाचित्रांची. अलीकडे कोणीही पुढारी लडाख-सिक्कीमकडे गेला की त्याच्या गळ्यात दहा-बारा खताग दिसतात, आणि विमानात बसण्यापूर्वी त्यांचा ढीग कोणाच्या तरी हातात जातो. या कापडाला राजकारण नवे नाही. १९५४ साली दलाई लामा पेकिंगला गेले आणि त्यांनी माओ त्से तुंग यांना खताग अर्पण केला, त्याची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. तेव्हा त्यांचे वय होते एकोणीस, म्हणजे आज माझे आहे तेवढे. त्यांच्या देशात चिनी फौज शिरून चार वर्षे झाली होती. त्या छायाचित्रात खताग आहे, दोन्ही हात आहेत, हसरे चेहरे आहेत. ते वाकणे होते की वाकवणे, हे ज्याने त्याने ठरवावे. मला त्याचे उत्तर पाच वर्षांनंतरच्या घटनेत दिसते, आणि तिच्याकडे मी येणारच आहे.

त्याआधी आपल्या स्नेहसंमेलनाविषयी दोन शब्द. यंदाच्या तयारीच्या बैठकीत एक सूचना आली की शालीऐवजी पाहुण्यांना 'तिबेटी पद्धतीचा' खताग घालावा; नावीन्य वाटेल, स्वस्तही पडेल. माझा याला विरोध आहे. आपण शालीच्या जागी खताग ठेवू, तबक तसेच, मुली तशाच, माईक तसाच, आणि मंचावरच्याने मंचावरच्याच्या गळ्यात घालणेही तसेच. मग त्या पाचशे रुपयांच्या शालीनेच काय घोडे मारले होते ? वसाहतीतून आपल्या कॉलेजात येणाऱ्या मुलामुलींना हे पाहून काय वाटेल, याचाही विचार करावा. त्यांच्याकडची वस्तू घ्यायची आणि वर्गात मात्र त्यांना 'ए नेपाळी' म्हणून हाक मारायची, हा कोणता पाहुणचार ? घ्यायचेच असेल तर परत देणे घ्यावे. पाहुण्यांचा सत्कार खुशाल आपल्याच रीतीने करावा, पण पाहुण्यांच्या हातूनही कोणाचा तरी करवावा : खुर्च्या मांडणाऱ्या काकांचा, ग्रंथालयात पुस्तके काढून देणाऱ्या ताईंचा, वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा. खर्च वाढतो म्हणाल तर पुष्पगुच्छ वगळा. आणि तबक टेबलावर ठेवले तरी काही बिघडत नाही. त्यासाठी दीड तास उभी राहणारी मुलगी कशाला हवी?

प्राध्यापक मंडळींपैकी काहींना हे लिखाण उद्धट वाटेल याची मला कल्पना आहे. परंतु वार्षिक अंकात विद्यार्थ्यांनी मते मांडावीत असे आवाहन संपादक मंडळानेच केले होते.

आता ती १९५९ची गोष्ट. मार्च महिन्याची १७ तारीख. ल्हासातल्या नोर्बुलिंका राजवाड्याभोवती हजारो तिबेटी जमले होते, चिनी तोफा सज्ज होत्या. तेवीस वर्षांचे दलाई लामा रात्री साध्या शिपायाच्या वेषात बाहेर पडणार होते. निघण्यापूर्वी ते महाकालाच्या देवळात गेले आणि त्यांनी देवापुढे एक खताग ठेवला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी याचा अर्थ सांगितला आहे : निरोप घेताना असा खताग ठेवतात, त्यात देवाची प्रार्थना असते आणि परत येण्याचा मनोदयही असतो. पुढे दोन आठवड्यांनी, ३१ मार्चला, त्यांनी भारताची सरहद्द ओलांडली. २०२५ साली त्यांनी वयाची नव्वद वर्षे पूर्ण केली. ल्हासाला त्यांना परत जाता आलेले नाही.

नोर्ग्येलिंगमधली तरुण पिढीही आता थोडी थोडी बाहेर पडते आहे. कोणी बंगळुरूला, कोणी दिल्लीला, कोणी कॅनडाला. ज्या घरी आम्ही चहा प्यालो त्या आजींचा नातूही गेल्या वर्षी गेला. गोंदियाला रेल्वे पकडायची म्हणून तो पहाटेच निघाला, तेव्हा बाबा धानाच्या कामासाठी तिकडेच होते. घरच्यांनी एकेक करून त्याच्या गळ्यात खताग घातले. मग आजींनी बाबांच्याही हातात एक घडी दिली. बाबांनी ती दोन्ही हातांवर धरली आणि पोराच्या गळ्यात घातली.